तो चर कोणी उपसायचा

आत्या मातीची परीक्षा मुठीत करते. उतारावरची माती उचलायची, दाबायची आणि मूठ उघडायची. भुगा झाला तर माती सुकलेली आहे, तिला भेगा पडणार. ढेकूळ होऊन बोटांचे ठसे तसेच राहिले तर माती ठीक आहे. तेवढ्या ओलाव्यात कण एकमेकांना धरून असतात. आणि बोटांमधून पाणी निथळलं तर तिथे उभं राहायचं नाही.

शहापूरला मी ज्या झेरॉक्सच्या दुकानात काम करते, तिथे एकदा दरडींविषयीची सरकारी पुस्तिका छापायला आली. तिच्यात हेच चित्रांसह दिलं होतं. थोडा ओलावा मातीला बांधून ठेवतो, पण पाणी वाढत गेलं की ते कणांच्या मधे शिरून त्यांना एकमेकांपासून ढकलतं. माती जड होते आणि तिची पकडही सुटते. मग ती खालच्या कातळावरून घसरते. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर हसणारं कुटुंब होतं. आत्याला दाखवली तर ती म्हणाली, "यांची माती खोटी दिसते. एवढं कोण हसतं उताराखाली?"

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. आई लवकर गेली, वडील कामावर असायचे, म्हणून मला तिनेच वाढवलं. आमचं गाव शहापूर आणि मुरबाडच्या मधे, डांबरी रस्ता सोडून आत. गाव ओहोळापलीकडे सपाटीवर आहे आणि आमची वस्ती टेकडीच्या पायथ्याला. आमच्या लोकांना गावाने जिथे बसवलं तिथेच आम्ही अजून आहोत. आत्याचं घर वस्तीत सगळ्यात वरचं. तिच्या मागच्या भिंतीत आणि उतारात एक माणूस अंग चोरून जाईल एवढीच जागा.

टेकडीच्या कमरेला एक आडवा चर आहे. वरून येणारं पाणी त्यात पडायचं आणि बाजूने ओहोळाला जायचं. पूर्वी गावाची भातखाचरं थेट उताराच्या एका अंगाला लागून होती. पाणी सैल सुटलं तर मुरूम वाहून खाचरांत बसायचा. म्हणून दरवर्षी मिरगाच्या आधी चर उपसायचा, आणि तो आमच्या लोकांनी उपसायचा, असा गावाचा रिवाज. मोबदला म्हणजे गावातून आलेली भाकरीची टोपली. ती आणणारी बाई चरापासून लांब एका चपट्या खडकावर टोपली ठेवायची आणि मागे न बघता निघून जायची.

धर्मांतरानंतर माझ्या आजोबांच्या पिढीने विहाराच्या जागेत बसून ठरवलं, की गावकीची सगळी कामं बंद. मेलेली गुरं ओढणं बंद, मयताचे निरोप घेऊन गावोगाव धावणं बंद, चर उपसणं बंद. त्या बैठकीचा मला आजही अभिमान आहे.

गावाने काय केलं? काहीच नाही. मेलेलं ढोर कुजत पडलं तेव्हा नाइलाजाने कोणीतरी दोर लावला. चर मात्र ओरडत नाही, वास मारत नाही. ज्या कामाला आमचे हात लागले ते काम बाटलेलं होतं, त्यामुळे आम्ही सोडल्यावर ते कोणाचंच राहिलं नाही. पुढे सरकारी योजनेतून खाचरांच्या कडेला दगडी बांध झाला आणि गावाला चराची गरजच उरली नाही. चरात पालापाचोळा साचला, गाळ बसला, घाणेरी उगवली. पाणी चरातून वाहायचं सोडून चरातच थांबायला लागलं आणि तिथून उताराच्या पोटात मुरायला लागलं. त्याच्या खाली आम्ही.

माझे वडील कसाऱ्याला रेल्वेत ट्रॅकमन होते. घाटात रुळांच्या वरच्या अंगाला असेच चर असतात आणि ते उपसण्यात वडिलांचं अर्धं आयुष्य गेलं. गावाच्या चराला त्यांनी कधी हात लावला नाही. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, तिकडचा उपसता, मग इकडचा का नाही?

"तिकडं मला गणवेश हाय, पगार हाय, युनियन हाय," ते म्हणाले. "सायेब पन येऊन चरात उतरून बघतो. इकडं भाकरी हाय खडकावरची."

याच वडिलांनी मला आणखी एक वाक्य दिलं होतं. घाटातल्या भिंतींना पाणी बाहेर पडायला भोकं ठेवलेली असतात. "भोकातून पाणी येतंय तवर भ्यायचं नाय. भर पावसात यायचं थांबलं, की भ्यायचं." हे वाक्य मी जपून ठेवलं. ते मला वेळेवर आठवलं नाही.

वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत पत्रकं होती. सभांची, मोर्चांची, बहिष्कारांची, गुलाबी आणि पिवळ्या कागदांची. मी अक्षरं त्यांच्यावर शिकले. गोष्टींची पुस्तकं मला फार उशिरा मिळाली. गोष्टीत दोषी कोण हे शेवटी कळतं. पत्रकाला तो दुसऱ्या ओळीतच सापडलेला असतो. मला ती घाई आवडायची. अजून आवडते.

गेल्याच्या गेल्या वर्षी पावसाने मधेच तीन आठवडे दडी मारली. उतार वाळून तडकला. मग एकदम धो धो आला आणि सगळं पाणी त्या भेगांतून आत गेलं. आत्याचं मागचं दार चौकटीत अडायला लागलं. वरची ऐनाची दोन झाडं खाली वाकली आणि मग शेंडे वर करून उभी राहिली, मोडलेल्या कोपरासारखी. चराच्या खाली जमिनीत एक फट दिसली, हात जाईल एवढी.

गेल्या उन्हाळ्यात मी ग्रामसभेत उभी राहिले. म्हटलं, ग्रामपंचायतीने चर उपसून द्यावा, चोवीस घरांचा प्रश्न आहे. समोर तात्या बसले होते. गावातले सत्तरीचे शेतकरी. कुठल्याही पदावर नाहीत, पण पदावरची माणसं आधी त्यांच्याकडे बघतात आणि मग बोलतात.

"चर तुमचाच हाय," तात्या म्हणाले. "तुमच्या आज्याच्या हातचा."

"आजोबांनी तो सोडला."

"सोडला ना? मंग आता धरा."

लोक हसले. मागून कोणीतरी म्हणालं, "नको रे तात्या, पोरगी पत्रक काढील." पुन्हा हसले. हसताना एकाच्या तोंडातली तंबाखू बाहेर उडाली आणि त्याने ती बाहीला पुसली. मला आजही ती सभा आठवली की ती बाही दिसते. ती माणसं वाईट होती म्हणून मला शिसारी आली नाही. ती मजेत होती म्हणून आली. माझ्या आत्याच्या डोक्यावर टेकडी होती आणि यांना दुपारचं जेवण गोड लागणार होतं.

मी पत्रक काढलं. दुकानातच टाइप केलं, मालकाला विचारून शंभर प्रती काढल्या. मथळा होता: चराला हात लावू नका. आपल्या पूर्वजांनी जे जोखड फेकलं ते पुन्हा मानेवर घेऊ नका, पंचायतीला तिचं काम करायला भाग पाडा, असं खाली ठासून लिहिलं. वस्तीतल्या लोकांना पटलं. विहारात टाळ्या पडल्या. दोन तरुण फावडी घेऊन चरावर जाणार होते, ते घरी बसले.

त्यातला शब्द न् शब्द खरा होता. आणि त्या वेळी माती आतून भिजायला चार आठवडे उरले होते.

जूनच्या सुरुवातीच्या एका रविवारी मी गावी आले तर घर उघडं आणि आत्या नाही. वर बघितलं तर ती चरात उभी होती, पदर खोचून, फावड्याने गाळ ओढत. मी धावत वर गेले.

"आत्या, खाली ये."

"का गो?"

"पत्रक वाचलं नाहीस तू?"

"वाचलं. मागच्या दाराच्या फटीत कोंबलंय. वारा येत होता."

"लोक बघतायत."

"बघू दे. बघायला फावडं लागत नाय."

"आजोबांनी सोडलेलं काम आहे हे. सगळ्यांनी मिळून सोडलेलं."

तिने फावडं टेकवलं. "माझ्या बापानं गावाचा चर सोडला. पानी कुठं सोडलं? पानी येतंच हाय माझ्या भिंतीवर. तुझ्या बापानं रेल्वेचा उपसला, मी माझा उपसते."

मी चिडले. ती मला चिडू देऊन पुन्हा गाळ ओढायला लागली. त्या दिवशी दहा-बारा पावलं चर मोकळा झाला. साठ वर्षांच्या बाईने एकटीने केलेला.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी घेतली होती. तिला थांबवायला घेतली होती, हे लिहून टाकते. सकाळी आम्ही दोघी वर पोचलो तर त्या चपट्या खडकावर टोपली होती. वर ओलं फडकं. खाली ओहोळाच्या वाटेने तात्यांची सून पाठमोरी चालली होती.

फडकं आत्याने उचललं. तीन भाकऱ्या, सुक्या बोंबलाची चटणी, एक कांदा. भाकऱ्या अजून गरम होत्या. सुनेने काही कुचेष्टेने केलं नसावं. घरातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं असणार, ते लोक कामाला लागलेत, टोपली नेऊन ठेव. ती बाई माझ्याच वयाची. तिच्याकडे स्मार्टफोन आहे, तिने माझ्याच दुकानात आधार कार्डाची झेरॉक्स काढलेली आहे. आणि तिला अंतर माहीत होतं. टोपली किती लांब ठेवायची, मागे वळायचं नाही, हे सगळं तिला कोणीतरी शिकवलेलं होतं आणि ती ते नीट शिकली होती. एवढ्या वर्षांत यांनी एक चर उपसला नाही, पण टोपलीचा खडक विसरले नाहीत.

आत्याने फडकं पुन्हा नीट झाकलं, फावडं खांद्यावर घेतलं आणि खाली उतरली. त्यानंतर ती वर गेली नाही.

मला आनंद झाला. या सगळ्यात मला सर्वात घाण वाटते ती याच गोष्टीची. खडकावर कुत्री भाकरीवरून भांडत होती, चर अर्धवट उघडा पडला होता, आणि माझ्या मनात आलं, माझं पत्रक बरोबर ठरलं.

जुलैमध्ये पाऊस बसला. आत्याच्या भिंतीमागे जमिनीतून एक झरा फुटला, आधी स्वच्छ, मग तांबडा. तहसील कचेरीतून एक माणूस छत्री घेऊन आला. त्याच्या हातात जो छापील फॉर्म होता, त्याच्या प्रती मीच काढल्या होत्या.

"दरड कोसळली का?" त्याने विचारलं.

"अजून नाही," मी म्हणाले.

"मग नाही लिहितो."

"अजून, म्हणून लिहा."

"अजूनला रकाना नाय, ताई."

तानशाच्या तलावात पाणी किती चढलं हे दर दिवशी मोजलं जातं, कारण ते मुंबईला जातं. आमच्या टेकडीच्या पोटात पाणी किती चढलं, त्याला रकाना नाही. त्या माणसाने चहा घेतला, बशीत ओतून, सावकाश. जाताना आत्याला म्हणाला, काळजी घ्या. कशाने घ्यायची ते फॉर्मवर नव्हतं.

पुढे पाच दिवस झड लागली. सहाव्या दिवशी उघडलं, ऊन पडलं. मी दुकानात होते. आत्याचा फोन आला.

"झरा बंद झाला गो. सकाळपासून थेंब नाय. बरं झालं."

"बरं झालं," मी म्हणाले आणि एका वकिलाची कागदपत्रं मशीनवर लावली.

सातवं की आठवं पान निघत होतं तेव्हा वडिलांचं वाक्य आठवलं. भिजलेली टेकडी एका रात्रीत कोरडी होत नाही. पाणी थांबलं म्हणजे आतली वाट बुजली होती. सगळं पाणी आतच होतं. मी मशीन तसंच सोडून बाहेर आले आणि फोन लावला. तिसऱ्या वेळी तिने उचलला.

"आत्या, घराबाहेर निघ. आत्ता. आजूबाजूच्यांना पण काढ."

"ऊन पडलंय की."

"झरा थांबलाय ना? बाबा काय सांगायचे?"

"मागचं दार सकाळपासून उघडत नाय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तिने वरच्या चार घरांतली माणसं बाहेर काढली. दोन घरं भाताच्या आवणीला शेतावर गेली होती, त्यांच्या म्हाताऱ्यांना हाताला धरून विहारात नेलं. एक आजोबा येईनात, रेडिओ लावून बसले होते, तर तिने रेडिओच उचलून चालायला सुरुवात केली आणि ते शिव्या देत मागून आले. दुपारी, लख्ख उन्हात, उतार सुटला. आवाज मोठा नव्हता म्हणतात, खडी ओतल्यासारखा. ऐनाची दोन्ही झाडं उभीच्या उभी खाली आली. आत्याची मागची भिंत, पडवी आणि पडवीत बांधलेली शेळी चिखलात गेली. माणूस कोणी गेलं नाही.

मी पोचले तेव्हा तात्या विहारापाशी आले होते. "देवाची कृपा," ते म्हणाले. आत्याने त्यांच्याकडे बघितलं. "देव नव्हता तात्या. फोन होता."

पंचनाम्यात कारण लिहिलं गेलं अतिवृष्टी. मी म्हटलं, त्या दिवशी ऊन होतं. लिहिणारा म्हणाला, मदत अतिवृष्टीलाच मिळते, उन्हाला मिळत नाही. आत्याला भिंत बांधायची होती, तिने सही केली. आणि आभाळावर दोष टाकून सगळे मोकळे झाले. गाव मोकळं झालं, पंचायत मोकळी झाली आणि माझं पत्रकही मोकळं झालं. त्याचा मला अजून राग येतो.

कचेरीने दुसरी जागा सुचवली होती, चार किलोमीटर लांब, पाण्याविना. आत्या नाही म्हणाली. तिने भिंत उताराकडून हात-दीड हात पुढे घेतली, मागे पुन्हा दार ठेवलं आणि ग्रामपंचायतीला म्हणाली, चर उपसलात तर मी राहीन, नाय उपसलात तरी राहीन, काय ते तुमी ठरवा.

या वर्षी मे महिन्यात ग्रामसभेने ठराव केला, चर उपसायला गावातून आणि वस्तीतून घरटी एक माणूस. वस्तीतून चोवीस माणसं आली, मीही एक. गावातून कोणी नाही. गावाने वाडीवरचं एक कातकरी जोडपं लावून दिलं होतं, सगळ्या गावाच्या वाट्याचं. आम्ही सोडलेलं काम आमच्याहून खालच्या घरावर जाऊन पडलं होतं. त्यांच्याबरोबर टोपली होती. या वेळी खडकापर्यंत यायचे कष्टही गावाने वाचवले होते, टोपली त्यांच्याच डोक्यावर दिली होती.

आत्याने विहारातल्या पातेल्यात सगळ्यांचा भात टाकला होता. कातकरी बाईने टोपली सोडायला घेतली तेव्हा आत्या म्हणाली, "ती राहू दे, बाय. ताट घे." बाईने टोपलीकडे बघितलं, भाताकडे बघितलं. "दोन्ही खाल्लं तर चालंल?" तिने विचारलं. आत्या हसली. "चालंल." मी हसले नाही. माझा बाणेदारपणा भुकेल्या माणसासमोर फार फुटकळ दिसत होता.

तिसऱ्या दिवशी चर ओहोळापर्यंत मोकळा झाला. तेव्हा तात्या काठी टेकत बघायला आले. वरच्या काठावर उभे राहून म्हणाले, "बघ, शेवटी उपसलासच ना. एवढं पत्रक-बित्रक कशाला मंग?"

माझे हात कोपरापर्यंत गाळाने भरले होते. मी फावड्याचा दांडा त्यांच्यासमोर धरला. "दोन घमेली तुमची, तात्या. ठरावात तुमचं घर आहे."

त्यांनी दांड्याकडे बघितलं. माझ्या हाताच्या ओल्या ठशाकडे बघितलं. हात मागे घेतले. "माझे गुडघे नाय चालत."

खालून कातकरी बाई म्हणाली, "गुडघ्यानं नाय, तात्या, हातानं उपसत्यात."

सगळे हसले, वस्तीतले आणि तिचा नवराही. तात्या वळले आणि वाटेला लागले. त्यांचे हात अजून पाठीमागेच होते. त्या हातांवर काही नव्हतं, ना चिखल, ना काही. स्वच्छ हात बघून मला इतकी किळस याआधी कधी आली नव्हती. मी फावडं परत खाली घातलं, कारण आत्याच्या भिंतीच्या वरचं वळण अजून उथळ होतं.

सध्या पाऊस चालू आहे. चर वाहतोय. वरची जुनी फट मात्र मिटलेली नाही. तिच्या दोन्ही बाजूंना मी खुंट्या ठोकून सुतळी बांधली आहे आणि दर रविवारी ती ताणली गेली का ते बघते. नवं पत्रक लिहिलं आहे, अजून छापलेलं नाही. त्याच्या दुसऱ्या ओळीत गाव आहे आणि तिसऱ्या ओळीत मी आहे. ती ओळ खोडावी असं रोज वाटतं.

दुकान उघडलं की मी आधी आत्याला फोन लावते. कशी आहेस वगैरे विचारत नाही.

"मागचं दार लागतं?"

"लागतं."

"झरा?"

"वाहतोय. ठेव आता, माझे हात मातीत हायत."

"कसली माती?"

फोनमधून तिची मूठ उघडल्याचं काही ऐकू येत नाही, पण मी वाट बघते.

"ठसे उठतायत," ती म्हणते. "पानी नाय येत."

मग मी मशीन चालू करते.